एक जूनचे पासवर्ड

शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातल्या निम्म्या माणसांचे जन्म माझ्या मामेसासऱ्यांनी ठरवलेले आहेत. यात अतिशयोक्ती असली तर चार आण्यांची असेल, बारा आणे खरं आहे. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. पाथर्डीच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथल्या शाळेत ते उभा जन्म गुरुजी होते आणि शेवटी शेवटी हेडमास्तरही. शाळा उघडायच्या सुमारास ते वस्त्यावस्त्यांवर फिरायचे, ऊसतोडीवरून परतलेल्या घरांत डोकावायचे आणि कमरेएवढं झालेलं प्रत्येक पोर शाळेत दाखल करून घ्यायचे. फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना असायचा आणि तारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग मामा डोळ्यांनीच पोराचं माप काढून साल ठरवत आणि मागे ठोकून देत, एक जून. सहा वर्षं पूर्ण, कायद्याचं समाधान, पोर वर्गात. त्यामुळे त्या वाडीत आजही एक जून उजाडला की जो दुसऱ्याला शुभेच्छा द्यायला जातो, त्याला त्या तिथल्या तिथे परतही घ्याव्या लागतात.

निवृत्त झाल्यावर मामा-मामी शेवगावात आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन इकडे आले आणि गेली काही वर्षं कॉम्प्युटरचे क्लास चालवते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात माजी विद्यार्थ्यांनी मंडळ स्थापन केलं, मंडळाने वेबसाइट काढायची ठरवली आणि ती बनवायचं काम घरचं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांची नावं, गावं, फोटो, एकमेकांना मेल पाठवायची सोय, असं सगळं मी हौसेने केलं. मात्र ती सांभाळायला ॲडमिन कोण, असं सभेत विचारल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. तेव्हा मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मी आहे ना." माउस कुठल्या बाजूने धरतात हेही त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पण आठ दिवस रोज माझ्या क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसून ते शिकले, आणि नवव्या दिवशी त्यांच्या दारावरची पाटी बदलली. 'मुख्याध्यापक (निवृत्त)' याच्या खाली नव्या रंगात 'ॲडमिन (कार्यरत)'. मामी मला म्हणाल्या, "पोस्टमन विचारत होता, हे कुठलं खातं? मी सांगितलं, पाटबंधारे."

मामांनी ॲडमिनपद शाळेसारखंच चालवलं. मी साइटवर 'पासवर्ड विसरलात?' असं एक बटण ठेवलं होतं, सगळीकडे असतं तसं. मामांनी ते पहिल्याच आठवड्यात काढायला लावलं. "सूनबाई, विसरलात का, विसरलात का असं दारातच विचारलं की न विसरणारासुद्धा विसरतो," ते म्हणाले. यापुढे ज्याला पासवर्ड आठवत नसेल त्याने अकरा ते बारा या वेळात त्यांना फोन करायचा, आणि फोन करणारा तोच आहे याची खात्री मामा स्वतः करून घेणार. ही खात्री करताना मी अनेकदा शेजारी बसलेली आहे. एकदा एकाचा ट्रॅक्टरवरून फोन आला.

"गुरुजी, पासवर्ड इसरलो बगा."

"आधी सांग, चौथीत तुझ्या शेजारी कोण बसायचं?"

"कोन न्हाई बसायचं गुरुजी. तुमी मला एकट्याला दाराशी बसवायचे."

"का बसवायचो?"

"...त्ये सांगू व्हय? शेजारी मंडळी हायेत."

"सांगावं लागेल. सिक्युरिटी आहे."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात उत्तर आलं, "खिशात सरडा हुता." मामांनी समाधानाने मान हलवली आणि नवा पासवर्ड दिला. वर, तो दहा वेळा लिहून काढ आणि मग कागद चुलीत घाल, अशी ताकीदही दिली. पासवर्ड लिहून ठेवायचा नसतो हे नियमात बसतं आणि दहा वेळा लिहिल्याशिवाय काहीच पाठ होत नाही हे अनुभवात बसतं. दोन्हींचा मान त्यांनी असा राखला होता. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, काही लहान, एखादा आकडा आणि एक चिन्ह लागतं, हे मी क्लासमध्ये तीन-तीन दिवस समजावते. मामा फोनवर एका वाक्यात सांगायचे, "अरे घरासारखं रे, एक कर्ता माणूस, चार लेकरं, दोन-चार जनावरं आणि दारात एक तुळस." आणि समोरचा खरंच तसा पासवर्ड करायचा.

मेलच्या बाबतीत तर माझी आणि मामांची जवळजवळ तात्त्विक भांडणंच झाली. पासवर्ड बदलला की साइटवरून आपोआप एक मेल जायचा : 'आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे.' मामांना तो वाचून वाईट वाटलं. "हे काय गं? तहसील कचेरीची नोटीस आल्यासारखं वाटतं. माणसाचं काळीज लककन हलायचं." त्या दिवसापासून ते प्रत्येकाला स्वतंत्र मेल लिहू लागले. 'चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझा पासवर्ड आज बदलला आहे. नवीन पासवर्ड जपणे. वडिलांच्या गुडघ्याला आता उतार आहे का? विहिरीला पाणी किती आहे ते कळवणे.' दोन बोटांनी टाइप करत एका मेलला त्यांचा पाऊण तास जायचा. पाठवून झाला की लगेच फोन. "मेल केलाय. पोचला का? उघड. मी धरतो." पलीकडचा पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये असला तरी मामा धरूनच ठेवत. एकदा एकाने सांगितलं की गुरुजींचा मेल स्पॅममध्ये गेला होता. स्पॅम म्हणजे काय हे मी जरा सांभाळूनच समजावलं, तरी मामा दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं, आणि कचऱ्यात टाकलं मला." मग मी त्या मुलाला फोन करून मेल बाहेर काढायला लावला आणि त्याने तो काढल्याचा फोटो मामांना पाठवला, तेव्हा कुठे मामा जेवले.

इतकं सगळं चोख चाललेलं असताना घोटाळा झाला तो माझ्यामुळे, आणि हे मी कबूल करते. साइट सुरू करताना प्रत्येकाला एक पहिला पासवर्ड द्यावा लागतो, नंतर ज्याने त्याने तो बदलायचा. मी सुचवलं, सगळ्यांची जन्मतारीख ठेवू या. मामा खूश झाले. "वा! प्रत्येकाची वेगळी आणि प्रत्येकाच्या पाठ." मला नाशिककडच्या माणसाला काय ठाऊक! मी शाळेकडून आलेली यादी डोळे झाकून साइटमध्ये भरली. त्यातच हौसेने आणखी एक सोय केली, वाढदिवसाला आपोआप शुभेच्छांचा मेल. आणि पहिला पासवर्ड लगेच बदला असं बजावूनही तो शंभरातल्या दहांनीसुद्धा बदलला नव्हता.

एक जूनला सकाळी आठ वाजता आमच्या साइटने तीनशेच्या वर माणसांना एकाच झटक्यात शुभेच्छा दिल्या. मेलची सेवा देणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी चोर साइटमध्ये घुसून वाटेल त्याला मेल पाठवतोय, त्यांनी आमची मेलची सोयच बंद केली. ते निस्तरते आहे तोवर दुसरं प्रकरण. वाडीतल्या एका टेम्पोवाल्याने पहिल्यांदाच साइट उघडली, यादीत स्वतःच्या नावाऐवजी चुकून वरच्या नावावर बोट पडलं, आणि स्वतःची जन्मतारीख टाकल्यावर वरच्याचं दार आरामात उघडलं. वरचा म्हणजे त्याचा वर्गमित्र आणि मंडळाचा अध्यक्ष. एकच वर्ग, एकच साल, एकच एक जून. टेम्पोवाल्याला आधी आश्चर्य वाटलं, मग आनंद झाला, आणि त्या आनंदात त्याने अध्यक्षांच्या फेटा बांधलेल्या फोटोच्या जागी आपल्या बोकडाचा फोटो लावला. बोकड दिसायला रुबाबदार होता, फेटा तेवढा नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या वाडीला युक्ती कळली आणि जो तो दुसऱ्याच्या घरात शिरून फोटो बदलू लागला. संध्याकाळी साइटवर माणसं कमी आणि जनावरं जास्त झाली होती.

अध्यक्ष भडकले ते बोकडामुळेच, पण बोलले सुरक्षिततेवर. पंधरा दिवसांनी शाळेत सभा, विषय एकच : साइट पुण्याच्या एका कंपनीकडे द्यावी, सगळं यंत्रावर चालावं, आणि गुरुजींना आता विश्रांती द्यावी. नोटीस मामांच्या मोबाईलवर आली. एरवी रोज क्लासवर चक्कर टाकणारे मामा दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेले तर अकरा वाजले होते आणि मामा फोन पुढ्यात ठेवून बसले होते, पण मेलच बंद, त्यामुळे फोनही कुणाचा येत नव्हता. मामी मला आत बोलावून म्हणाल्या, "अगं, शाळेतून निवृत्त झाले तेव्हा पेढे वाटले होते यांनी. या ॲडमिनकीचं मात्र मनाला लावून घेतलंय. पोरं परत हाताला लागली होती ना." मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती, आणि पाटी खाली उतरणार होती त्यांची.

मी मामांना विचारलंच, "तुम्हीच तर सगळ्यांना एक जून लिहिलंत. मग मी जन्मतारीख म्हटलं तेव्हा लक्षात कसं आलं नाही तुमच्या?" मामांनी उठून कपाटातून एक लांबट वही आणली, खाकी पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. "मला वाटलं, तू या वहीतली म्हणतेयस," ते म्हणाले. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने त्याच्या आईचे शब्द लिहिलेले होते. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, बैलांच्या शिंगांचा रंग वाळला नव्हता.' 'मढीच्या यात्रेला निगालो अन् वाटंतच.' 'कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. थंडी लई हुती. मुकादमानं त्या दिशी सुट्टी दिली.' 'पयला टँकर आला, समदी हंडे घिऊन पळाली, मी एकटीच घरात.' पानामागून पान. फॉर्मवर एक जून लिहायचा आणि घरी येऊन ही वही भरायची, असं त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, "रकाना एवढासा असतो गं. बाई कामं टाकून, हात पुसून एवढं मनापासून सांगते, आणि मी ते ऐकून नुसतं एक जून लिहायचं? लाज वाटायची मला."

सभेला मामा ती वही काखोटीला मारून गेले. मी मागे उभी होते. अध्यक्ष चांगलं बोलले, अगदी आदराने बोलले, आणि गुरुजींच्या वयाचा उल्लेख तीनदा केला. मामांनी काहीच वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "कंपनीला द्या, माझी ना नाही. फक्त यादीतल्या तारखा चुकीच्या आहेत, त्या मी लिहिल्यात, तेवढ्या दुरुस्त करून देतो. तुझीच पहिली घेऊ का?" आणि चष्मा सावरून त्यांनी वाचलं, "वसुबारस. सांजचं गाईला ओवाळाया गेले अन् पोटात कळ आली. ताट हातातच हुतं. पोरगं रडलं तवा गाय बी हंबरली."

अध्यक्षांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते खुर्चीवर बसले, पुन्हा उठले. मग सुरक्षितता वगैरे सगळं विसरून पोरासारखे म्हणाले, "गुरुजी, परत एकदा वाचा की." मामांनी परत वाचलं. मागून टेम्पोवाला ओरडला, "गुरुजी, माजं बी बगा!" आणि मग सभेत सभा राहिलीच नाही. सगळे उठून टेबलाभोवती गोळा झाले. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. "रांग लावा आधी, रांग!" असं मामांनी दरडावलं आणि साठीला टेकलेल्या माणसांनीही मुकाट्याने रांग लावली. टेम्पोवाल्याच्या आईने सांगितलं होतं, 'शेळी व्याली त्याच दिशी, दोगंबी एकदमच.' त्यावर अध्यक्षांनी त्याला बोकड माफ केला. ठराव असा झाला की कंपनीला द्यायचं ते द्यायचं, पण वहीतलं शेवटचं नाव होईपर्यंत ॲडमिन गुरुजीच.

शेवटचं नाव व्हायला सव्वा वर्ष लागलं. मी जुनी पंचांगं शोधून पोळा कधी, वसुबारस कधी ते काढून द्यायची. टँकर मात्र पंचांगात नसतो. तर मामा त्या टँकरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचं गाव शोधून एसटीने जाऊन आले. तारीख मिळाली नाही, पण त्या दिवशी सोमवार होता आणि त्याचा उपास होता एवढं कळलं. मामांना तेवढंही पुष्कळ वाटलं. मेलची सोय पुन्हा सुरू झाली होती. मामा प्रत्येकाला लिहीत : 'चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा पासवर्ड बदलला आहे, आणि वाढदिवसही. तुझ्या आईने मला सांगितलेले शब्द खाली देत आहे. हे शब्द पासवर्ड म्हणून वापरू नयेत.' एका नर्सबाईंचं उत्तर आलं होतं, 'गुरुजी, मला आई आठवत नाही. हे तिचं एवढंच बोलणं माझ्याकडे आहे.' मामांनी तो मेल मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग चष्म्याची काच खराब झाली असं म्हणून बराच वेळ पुसत बसले. आता ती सगळी मंडळी एक जूनला गप्प असतात आणि आपापल्या खऱ्या दिवशी मामांना मेल करतात. मामींचं म्हणणं असं की यांच्यामुळे त्यांना वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा शिरा करावा लागतो.

वही संपली तेव्हा मामांनी एक पाकीट आणून दिलं, गोंदाने चिकटवलेलं, जोडावर तीन सह्या. आत ॲडमिनचा पासवर्ड. कंपनीच्या माणसाने तो मेलवर मागितला होता, त्यावर मामांनी "हात तुटला तरी नाही" असं कळवलं होतं. पाकीट मी त्यांच्यासमोरच उघडलं. कागदावर एक तारीख होती. जगाला अक्षरं, आकडे आणि तुळस शिकवणाऱ्या माणसाचा पासवर्ड म्हणजे नुसती एक तारीख, आणि तीही एक जून नव्हे.

"मामा, ही कुणाची?"

"माझी."

"पण तुमची तर कागदावर…"

"कागदावर मीही एक जूनचाच," मामा म्हणाले. "आई मी लहान असतानाच गेली. सांगणारं कुणी राहिलं नाही, आणि आमच्या गुरुजींनी वही ठेवली नव्हती. मग मीच आपली एक निवडली."

"हीच का?"

मामा जरा लाजले. "त्या दिवसांत आपल्याकडे हवा बरी असते. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, पाण्याची ओढ नसते, रानात फार काम नसतं. आईला त्रास कमी झाला असता."

साइट कंपनीकडे गेली, त्याच दिवशी पासवर्ड बदलला, आणि ती तारीख आता कुठलंच कुलूप उघडत नाही. पाटीवर मामांनी 'कार्यरत' खोडून तिथेही 'निवृत्त' लिहिलं. मी मात्र दर वर्षी त्या दिवशी वाटीभर शेवयांची खीर घेऊन मागच्या गल्लीत जाते. मामा विचारतात, "आज काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही मामा, दूध जास्त आलं होतं." ते माझ्याकडे एकदा बघतात, आणि मग कडेने-कडेने, अगदी सावकाश, वाटी संपवतात.

मामींनाही ती तारीख ठाऊक नाही, आणि मीही ती इथे लिहिणार नाही. पासवर्ड घरच्या माणसालासुद्धा सांगायचा नसतो, हे मला मामांनीच शिकवलंय.